पाच डॉलरचं वाण

माझ्या आईने माझा सोळा वर्षांचा संग्रह संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटला. लुटला म्हणजे आपल्याकडे बायका वाण लुटतात तसा, हौसेने, प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवून, सोबत तिळगूळ देऊन. पण त्या संध्याकाळी बेसमेंटमध्ये रिकामा पत्र्याचा डबा धरून उभा असताना मला त्या शब्दाचा पोलिसांकडचा अर्थच तेवढा आठवत होता.

डब्यात पंचवीसएक चिपा होत्या. चिप्स म्हटलं की लोकांना बटाट्याच्या आठवतात, म्हणून मी चिपा म्हणतो. कॅसिनोत टेबलावर नोटांऐवजी मांडतात त्या रंगीत, जड, गोल चकत्या. त्याही बंद पडलेल्या किंवा नाव बदललेल्या कॅसिनोंच्या, आणि वापरलेल्याच. कोऱ्या करकरीत चिपा जमवणारे लोक वेगळे, ते त्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून फक्त बघतात. माझं त्यांच्याशी जमत नाही. मला कड झिजलेली चिप लागते, जिच्या खाचांमध्ये कोणाकोणाच्या बोटांचा मळ बसलाय. अशा दहा चिपा एकावर एक ठेवल्या तर मनोरा जरा डुगडुगतो, कोऱ्यांचा डुगडुगत नाही.

इथे कॅनडात, एडमंटनला, उन्हाळ्यात गराज सेल लागतात, लोक घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात, तिथे कोणाच्या तरी आजोबांच्या टूलबॉक्सच्या तळाशी एखादी सापडते. बाकीच्या मी इतर जमवणाऱ्यांशी अदलाबदल करून मिळवल्या. बायको म्हणते, "लोक काय काय गोळा करतात, आणि तू मेलेल्या दुकानांची बटणं." ती अगदीच चुकीचं बोलत नाही. चिप चालते ती फक्त तिच्या एका घरात. दाराबाहेर तिच्यावर कोणी कॉफीसुद्धा देत नाही. कॅसिनो बंद व्हायचा असला किंवा नवा मालक नवं नाव लावणार असला की आधी पाटी लागते, अमुक तारखेच्या आत चिपा वटवून घ्या. ती तारीख गेली की संपलं, उरलेल्या चिपा यंत्रात घालून भरडतात. तरी काही वाचतात, कोणाच्या कोटाच्या खिशात, कोणाच्या गाडीत सीटखाली. कोणीतरी परत जाणार होतं आणि जायचं राहून गेलं, एवढंच.

हे सगळं मला ठाऊक, कारण मी अशाच एका कॅसिनोत दोन वर्षं पत्ते वाटायचो. आणि ते माझ्या आईला माहीत नव्हतं.

इथे आलो तेव्हा माझ्याकडे नागपूरची इंजिनिअरिंगची डिग्री होती आणि ती इथल्या कुठल्याच खिडकीवर वटत नव्हती. दिसेल तिथे अप्लाय केलं. जो तो कॅनेडियन एक्स्पीरियन्स विचारायचा. नोकरीच दिली नाही तर तो एक्स्पीरियन्स मी आणायचा कुठून, हे मात्र कोणी सांगायचं नाही. शेवटी एका कॅसिनोने काही आठवडे शिकवून मला डीलर केलं. पांढरा शर्ट, काळा वेस्टकोट, दुपारची शिफ्ट. आईला फोनवर सांगितलं, काउंटरवर काम आहे, बँकेसारखं. त्यातलं 'सारखं' तिने ऐकलंच नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

खरं सांगायला काय झालं होतं, असं कोणीही म्हणेल. आमच्या घरात पत्त्याचं एक पान कधी आलं नाही. दिवाळीत सगळी गल्ली बदाम सात खेळायची आणि मी खिडकीत बसून बघायचो. आईचा मोठा भाऊ, माझा मामा, तीन पत्तीपायी आधी नोकरीतून गेला आणि मग एक दिवस घरातूनच निघून गेला. आई तेव्हा कॉलेजात होती. तो परत आला नाही, त्याचं पुढे काय झालं तेही कळलं नाही. आई शाळेत गणित शिकवायची. संभाव्यतेच्या धड्यात पुस्तकात बावन्न पत्त्यांची उदाहरणं असायची. ती त्या जागी पिशवीतले रंगीत चेंडू घालायची, निवृत्त होईपर्यंत.

त्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? उलट वेस्टकोटातला फोटो पाठवला, छातीवरची नावाची पट्टी काढून. तिने तो फ्रेम करून नागपूरच्या शोकेसमध्ये ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवायला लागली, मुलगा कॅनडात बँकेत आहे म्हणून. एका खोट्याला किती लोक चहा पिऊन साक्षीदार झाले असतील कोण जाणे.

दोन वर्षांनी तो कॅसिनो विकला गेला, नवं नाव लागणार होतं. शेवटच्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी कपडे बदलून गिऱ्हाइकासारखा खिडकीवर गेलो, खिशातले पाच डॉलर देऊन एक लाल चिप घेतली आणि ती वटवली नाही. जुनी होती, आत सिगरेट ओढायला परवानगी होती त्या काळातली. तिच्या कडेला तपकिरी डाग होता. पुढच्याच महिन्यात मला ड्राफ्ट्समनचं काम मिळालं, मग यथावकाश इंजिनिअरही झालो. डब्यातल्या बाकी सगळ्या चिपा त्या एकीला सोबत म्हणून आल्या, असं मी स्वतःला सांगत आलोय.

त्या नोकरीची एक खोड मात्र अंगात मुरली. डीलर टेबल सोडताना एक टाळी वाजवतो आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवतो. म्हणजे, बघा बाबांनो, काही घेतलेलं नाही. दिवसातून दहादा केलेली गोष्ट जाते थोडीच! अजूनही मी जेवून उठलो, भाजी चिरून झाली, आईच्या गोळ्यांची डबी भरून झाली की टाळी वाजते आणि तळवे वर होतात. बायकोच्या ते आता लक्षातही येत नाही.

आई याआधी दोनदा आली ती उन्हाळ्यात. गेल्या वर्षी पहिल्यांदा हिवाळ्यात आली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मुलगी दूर किचनर शहरात शिकायला गेल्यामुळे तिची खोली रिकामीच होती. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि आई घरात दोन स्वेटर घालून खिडकीतून मला ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना बघायची. एके दिवशी जेवून उठलो तर ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"काहून रे असे हात दाखवतो सारखा?"

"सवय आहे."

"कशाची?"

"अशीच."

"हात दाखवून अवलक्षण कशाला," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. एरवी ती शाळेतलं मराठी बोलते. तिच्या तोंडून नागपुरी 'काहून' येतं ते घाबरली किंवा चिडली की. हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, आणि तरी मी लक्ष दिलं नाही. गाढवपणा, दुसरं काय.

दोन दिवसांनी बेसमेंटमध्ये शाल शोधताना तिला डबा सापडला. मला हे नंतर कळलं. आई इंग्रजी सावकाश वाचते, पण वाचते, आणि प्रत्येक चकतीवर कॅसिनो असं लिहिलेलं होतं. तिने तिथल्या तिथे गणित सोडवलं आणि उत्तर आलं, मुलगा जुगारी. झाकण लावून ती वर आली आणि वरणाला फोडणी दिली. पुढचे चार दिवस माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. मी बायकोला म्हटलं, थंडी बाधली असेल.

शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाणासाठी बायकोने मिसिसागाच्या एका दुकानातून स्टीलच्या चहाच्या गाळण्या मागवल्या होत्या, आणि पार्सल बर्फामुळे वाटेत अडकलं. पंचवीस बायका येणार आणि वाण नाही. बायको रडकुंडीला आली. आई म्हणाली, "मी करते सोय. तू खाण्याचं बघ." तिने खणाच्या छोट्या पोटल्या शिवल्या होत्या तिळगुळासाठी. बायकोला वाटलं, त्यातच सुकामेवा घालणार असतील.

इथे एक सांगायला हवं. वडील गेल्यापासून आई हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसायची. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं, तरी बसायची. बायकोला ते कधीच पटलं नाही. त्या दिवशी तिने ताट सरळ आईच्या हातात दिलं. "कुंकू मी लावते आई, वाण तुम्ही द्या." आणि आईने नऊ वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाण दिलं. बायका एकेक करून तिच्या पाया पडत होत्या. मी सिंकपाशी कपबश्या धूत होतो, मधूनच डोकावून बघत होतो आणि मला मनापासून बरं वाटत होतं. त्या ताटातून माझंच जातंय हे मला काय ठाऊक.

सगळ्या गेल्यावर घडीच्या खुर्च्या ठेवायला खाली गेलो. डबा कपडे धुवायच्या सिंकमध्ये उघडा पडलेला, ओला. शेजारी भांड्यांचा साबण आणि एक जुना टूथब्रश.

वर आलो. आई सोफ्यावर बसून गुडघा चेपत होती.

"आई, डब्यातलं कुठंय?"

"लुटलं," ती म्हणाली. "घासूनपुसून दिलं. दुसऱ्याला द्यायची वस्तू मळकी कशी द्यायची?"

आधी मला त्या मळाचंच वाईट वाटलं. सोळा वर्षं मी एका चिपेला ओलं फडकं लागू दिलं नव्हतं. मग मात्र टाळकं सटकलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईवर आवाज चढवू नये हे मला कळतं. मी चढवला. विचारायचं तरी होतंस, म्हटलं, माझ्या वस्तूला हात लावताना एकदा विचारायचं तरी.

"विचारलं असतं तर खोटं बोलला असतास," ती म्हणाली. "दादाही बोलायचा."

मी हातातला रिकामा डबा खाली ठेवला.

"घरी आला की आईसमोर उभा राहून असेच तळवे दाखवायचा. बघ आई, काही उरलं नाही. तू ताटावरून उठलास की मला तो दिसतो." तिचा आवाज फुटला. "काहून रे? तुला काय कमी होतं इथे?" मग पदराने नाक पुसून म्हणाली, "ती वस्तू एका घरात राहिली तर माणसाला खाते. पंचवीस घरांत गेली तर कोणालाच पुरत नाही. आणि वाण एकदा दिलं की परत मागता येत नाही. म्हणून वाणात दिली."

म्हणजे बाईने पूर्ण विचार करून काम केलं होतं. बायको दारात उभी होती. तिने नुसती मान हलवली, सांग आता म्हणून.

मी खाली बसलो आणि सांगितलं. अडचण अशी की मी जुगारी नाही हे पटवायचं तर मी खोटारडा आहे हे आधी कबूल करायला लागत होतं. अठरा वर्षं फोनवर एवढं बोललो आपण, त्यातलं पहिलंच वाक्य खोटं होतं, असं सांगायला लागत होतं. आई मुलाच्या वहीतल्या पायऱ्या तपासाव्यात तशी ऐकत होती.

"म्हणजे खेळायचा नाहीस."

"नाही. लोक खेळायचे, मी पत्ते वाटायचो."

"बँक नव्हतीच."

"नाही."

"शोकेसमधला फोटो?"

"तिथलाच."

तिने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "छान दिसतोस त्यात." आणि थोड्या वेळाने, "आणि हात?"

मी उठून करून दाखवलं. टाळी, तळवे, उलटे, सुलटे. म्हटलं, वर कॅमेरा असतो. टेबलावरचं काही घेतलं नाही हे दाखवून मगच उठायचं.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"दादाचं वेगळं होतं," ती म्हणाली. हे मला उद्देशून नव्हतं. मग तिने विचारलं, "त्यातली तुझ्या जागेची कोणती?"

"लाल. पाचची. कडेला तपकिरी डाग आहे."

"तो डाग निघाला नाही," आई म्हणाली. "मी खूप घासला."

मी म्हटलं, जाऊ दे आता. खरंच जाऊ दे म्हणालो की वरवर, हे माझं मलाच सांगता येणार नाही. बायको म्हणाली, ग्रुपवर मेसेज टाकते. ग्रुपवर तोवर 'काकूंचं वाण एकदम युनिक' असं येऊन वर नमस्कारांची रांग लागलेली होती. आईने हात आडवा केला. "फोनवर नाही. हाताने दिलंय, मागायचं तर दारात जाऊन."

"वाण परत मागत नाहीत ना पण?"

"नाही मागत. पण चूक माझी, तर तोंड कोणी वेंगाडायचं? तू?"

मंगळवारी गाळण्या आल्या. पुढच्या शनिवारी सकाळी आईने बायकोचा जाड कोट घातला, माझे मोजे, मुलीचे स्नो बूट, आणि गाळण्यांची पिशवी घेऊन गाडीत बसली. मागायला जातानाही रिकाम्या हाताने जायचं नाही. मी म्हटलं, रस्ते घसरडे आहेत. ती म्हणाली, विंटर टायर्स घातलेस ना, मग चालव.

पहिल्या घरी चिपेला मागून लोहचुंबक चिकटवून ती फ्रिजवर लावली होती. हिरवी निघाली. आईने ती तिथेच राहू दिली, गाळणी दिली, आणि आम्ही निघालो. दुसऱ्या घरी काळी. तिथे चहा घ्यावा लागला. मला परत फिरावंसं वाटत होतं. माझ्यासाठी म्हातारी दारोदार हिंडतेय हे बघवत नव्हतं, आणि खोटं सांगून काय उपयोग, ती सापडावी असंही तितकंच वाटत होतं.

तिसरं घर इथल्या मराठी मंडळाच्या खजिनदार वहिनींचं. त्यांनी देव्हारा पँट्रीत केलाय. आईने दारातच विचारल्यावर त्या आत गेल्या आणि पितळी अन्नपूर्णा एका हातात, चिप दुसऱ्या हातात घेऊन आल्या. लाल. कडेला डाग.

"अन्नपूर्णेखाली अगदी बरोबर बसली होती," त्या म्हणाल्या. "खरं सांगू का काकू, मी तेव्हाच ओळखली. सगळ्यांनीच ओळखली. आपल्या मंडळाचा कॅसिनो असतो ना."

आईने माझ्याकडे बघितलं. मग वहिनींनी तिला समजावलं की इथल्या अल्बर्टा प्रांतात संस्थांना आळीपाळीने कॅसिनोत दोन दिवस काम करायला मिळतं, आणि त्यातून संस्थेला निधी मिळतो. मंडळाची माणसं चिपा मोजायला बसतात. "आपला गणपतीसुद्धा त्याच पैशांतून बसतो काकू. पण तुम्ही हाताने दिलंत म्हटल्यावर कोण काय बोलणार? देव्हाऱ्यात ठेवलं."

"गणपती?" आई म्हणाली.

"हो."

आईने ते कसंबसं गिळलं. पिशवीतून गाळणी काढून वहिनींच्या हातात ठेवली आणि चिप घेतली. "वाण परत मागू नये हे मला कळतं," ती म्हणाली. "पण ही माझ्या मुलाची इथली पहिली नोकरी आहे. पत्ते वाटायचा तो. कॅसिनोत." जराही आवाज न चोरता, शाळेत हजेरी घ्यायची तशी बोलली. अठरा वर्षं मी जे दाबून ठेवलं ते तिने माझ्या ओळखीच्या बाईला, उघड्या दारात, माझ्यासमोर सांगून टाकलं. "दर वेळी उठताना हात उघडून दाखवायचा, काही घेतलं नाही म्हणून. दाखव रे."

"आई, राहू दे."

"दाखव."

पायात बर्फाचे बूट, चष्म्यावर वाफ, वहिनी अन्नपूर्णा धरून बघतायत. मी टाळी वाजवली, तळवे उलटे केले, सुलटे केले आणि पुढे धरले.

आईने चिप माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"आता घे," ती म्हणाली.